ट्रेल अवघड असू दे, पण फसवणारा नको

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्यातला सायकलवाल्यांचा ग्रुप, त्यातल्या एकाच्या घरची मुळशी खोऱ्यात डोंगरउताराची जमीन आहे आणि तिथे तीनेक किलोमीटरचा एमटीबी (माउंटन बाइक) ट्रेल काढायचा विचार आहे. निम्मे लोक म्हणतात सगळ्यांना जमेल असा साफसूफ करा, उरलेले म्हणतात साफसूफच हवं असेल तर रस्त्यावर चालवा की, एमटीबी कशाला घेतली मग. तर ट्रेल टेक्निकली नेमका किती अवघड असावा?

मी मूळचा पुण्याचा, बरीच वर्षं झाली कॅनडात नॉर्थ व्हँकूव्हरला राहतोय. इथे माउंट फ्रॉम म्हणून डोंगर आहे, त्यावरच्या ट्रेल्सच्या दुरुस्तीला व्हॉलंटियर म्हणून जातो. दगड बसवणं, पाण्याला वाट काढून देणं, खचलेली वळणं परत बांधणं, अशी सगळी अंगमेहनतीची कामं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं नंतर. अवघड हवा तेवढा करा, पण अवघडपणा लांबून दिसला पाहिजे, आणि पडलेला माणूस कपडे झटकून परत सायकलवर बसला पाहिजे. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तर तुमच्या ग्रुपमधलं भांडण बरंचसं आपोआप मिटेल, कारण दोन्ही बाजूंना जे हवंय ते एकाच डोंगरावर मावतं.

आपण अवघड आणि धोकादायक हे दोन्ही एकच धरतो आणि सगळी वादावादी तिथून सुरू होते. आठ इंच रुंद, वीस फूट लांब फळी घ्या आणि जमिनीवर ठेवा. तिच्यावरून सायकल नेणं बऱ्यापैकी कठीण आहे, बॅलन्स लागतो, नजर पुढच्या टोकाला ठेवावी लागते, आणि चाक घसरलंच तर पाय टेकायचा, विषय संपला. तीच फळी आठ फूट उंचीवर बांधली तर कौशल्य तेवढंच लागतं, चुकलं तर मात्र हाड मोडतं. नॉर्थ शोअरवर, म्हणजे इथल्या डोंगरांवर, १९९० च्या दशकात हेच होत गेलं. जंगल ओलं, जमीन दलदलीची, म्हणून लोकांनी सीडरच्या फळ्यांचे पूल बांधायला सुरुवात केली, मग ते पूल अरुंद होत गेले, उंच होत गेले, झाडाच्या ओंडक्यांवरून जायला लागले आणि जगभर त्याचं नाव झालं. पण लाकूड कुजतं आणि उंचीवरून पडणारी माणसं हॉस्पिटलात जातात. त्यातलं बरंचसं आता काढून टाकलंय. ट्रेल्स सोपे झाले असं मात्र कुणी समजू नका, फ्रॉमवरचे सेव्हन्थ सीक्रेट किंवा लेडीज ओन्ली हे ट्रेल्स आजही चांगल्या चांगल्यांना घाम फोडतात. तिथला अवघडपणा मुळांचा आहे, दगडांचा आहे, उतारावर लाइन, म्हणजे चाक नेमकं कुठून न्यायचं ते, निवडण्याचा आहे.

तेव्हा ट्रेल आखताना प्रत्येक जागी दोन वेगवेगळे प्रश्न विचारा, इथे किती लोक चुकतील आणि चुकल्यावर ते कुठे जाऊन पडतील. पहिल्याचं उत्तर 'बरेच' आलं तरी हरकत नाही, फक्त तेव्हा दुसऱ्याचं उत्तर 'मऊ मातीत' किंवा 'गवतात' असलं पाहिजे. दरीच्या बाजूला, कड्याला लागून ट्रेल जात असेल तर तिथे मुद्दाम सोपा आणि रुंद ठेवा, आणि सगळ्यात अवघड जागा जिथे दोन्ही बाजूंना मोकळी जमीन आहे तिथे आणा. बहुतेक नवे लोक नेमकं उलट करतात, कारण कड्याजवळ फोटो चांगला येतो.

पडायची जागा साफ करणं हे दगड बसवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. मुळशीत तुम्हाला कारवी लागणार. कारवी कोयत्याने तिरपी छाटली की जमिनीपासून चार-पाच इंचांवर टोकदार खुंट राहतो आणि त्यावर माणूस पडला तर मांडीत घुसतो. ट्रेलच्या कडेची कारवी काढायची असेल तर जमिनीलगत आडवी कापा नाहीतर कुदळीने खोडासकट उपटा, आणि हे ट्रेलच्या दोन्ही बाजूंना निदान दीड मीटरपर्यंत. ड्रॉपच्या, म्हणजे जिथून सायकल एकदम खाली उतरते त्या पायरीच्या, खाली आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला याच्याही पुढे जा, तिथे पडणारा माणूस वेगात असतो.

आता आकडे. जगात बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी पद्धत इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनची, म्हणजे इम्बाची. स्कीइंगवाल्यांकडून घेतलेली आहे, सोप्याकडून अवघडाकडे पांढरं वर्तुळ, हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि दोन काळे हिरे. हिरव्यात वाट निदान ३६ इंच रुंद, निळ्यात २४, काळ्यात १२, आणि दोन हिऱ्यांत ६ इंच असली तरी चालते. त्याहून कामाचा आकडा म्हणजे टाळता न येणारा अडथळा किती उंच असू शकतो, तर हिरव्यात २ इंच, निळ्यात ८, काळ्यात १५ आणि त्याच्या वर दोन हिरे. यातला 'टाळता न येणारा' हा भाग नीट वाचा. निळ्या ट्रेलवर दोन फुटी दगड असला तरी चालतो, त्याच्या शेजारून रीतसर वाट असली की झालं. तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

या पद्धतीतली दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ग्रेड टेक्निकल अवघडपणावर ठरतो, दमण्यावर ठरत नाही. किती किलोमीटर आणि किती चढ हे बोर्डावर वेगळं लिहायचं. आपल्याकडे 'लई टफ ट्रेल आहे' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तो फक्त उभा चढ असतो, त्यात टेक्निकल काही नसतं. आणि ग्रेड आजूबाजूच्या ट्रेल्सच्या तुलनेत द्यायचा असतो. नॉर्थ शोअरवरचा निळा दुसरीकडे सहज काळा ठरेल, कोल्हापूरचं मध्यम तिखट आणि पुण्याचं मध्यम तिखट यात जेवढा फरक तेवढा. ब्रिटनमध्ये तर रंगच वेगळे आहेत, हिरवा, निळा, लाल, काळा, आणि जर्मनीवाले एस-० ते एस-५ मोजतात. तुमच्याजवळ तुलनेला वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी आहे, सगळ्या ग्रुपला त्या पाठ आहेत. तेव्हा 'वेताळ टेकडीवरच्या दगडाळ उतारापेक्षा अवघड' अशा भाषेत पहिला ग्रेड ठरवा, तो इंचांच्या कोष्टकापेक्षा लवकर कळेल.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो मुद्दा. अवघडपणा आणायचा स्वस्त मार्ग म्हणजे उतार वाढवणं. डोंगरावरून पाणी जसं सरळ खाली उतरतं तशी वाट खोदली की ट्रेल एका दिवसात भयंकर होतो, ग्रुपमधले जोशवाले खूश होतात, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे ट्रेल राहत नाही, घळ राहते. ताम्हिणीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे विसरू नका. मुरमाड जमिनीत सरळ उतरणारी वाट म्हणजे पाण्याला आयता ओढा काढून देणं. पहिल्या वर्षी अर्धा फूट, मग एक फूट, मग लोक त्या चरात सायकल घालायला घाबरतात आणि कडेने नवी वाट पाडतात, ती पण वाहून जाते, आणि पाच वर्षांत पूर्ण उतार ओरबाडलेला दिसतो.

यासाठी एक साधा नियम आहे, इथे प्रत्येक ट्रेलवाल्याला तोंडपाठ असतो. ट्रेलचा उतार डोंगराच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर ३० टक्के उताराचा असेल, म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर तीस मीटर खाली, तर ट्रेल जास्तीत जास्त १५ टक्के. म्हणजेच ट्रेल डोंगराला आडवा कापत गेला पाहिजे. संपूर्ण ट्रेलची सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवा, वाटेला दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के बाहेरचा कल द्या म्हणजे पाणी वाटेवर न थांबता कडेने निघून जातं, आणि दर सहा ते पंधरा मीटरला वाट थोडी चढवून परत उतरवा. या छोट्या चढउतारांनी पाणी तिथल्या तिथे बाहेर पडतं आणि रायडरला पंप करायला, म्हणजे अंग दाबून-सोडून वेग घ्यायला, मजा पण येते, एका दगडात दोन पक्षी.

मग उतार एवढा मर्यादित ठेवल्यावर अवघडपणा आणायचा कुठून? दगडातून आणि वळणांतून. सह्याद्रीत बसाल्ट फुकट पडलाय, त्याच्यासारखं टिकाऊ मटेरियल विकत मिळणार नाही. वेल्समध्ये कोइड-अ-ब्रेनिन म्हणून जंगल आहे, ब्रिटनमध्ये खास माउंटन बाइकसाठी ट्रेल्स बांधायची सुरुवात १९९० च्या दशकात तिथून झाली. तिथे पाऊस कायमचा, म्हणून त्यांनी वाटेत दगड उभे गाडून घट्ट बसवले, आपल्याकडे रस्त्याखाली सोलिंग करतात साधारण तसंच, फक्त हाताने आणि मन लावून. चाकाला वरून खडबडीत लागतं, वाट मात्र हलत नाही. आपल्याला हे नवीन नाही, नाणेघाटातली फरसबंदी इतके पावसाळे खाऊन अजून दिसते. म्हणजे टिकाऊपणा आणि अवघडपणा एकाच दगडातून मिळतो.

दगड कसा बसवायचा ते जरा सविस्तर सांगतो कारण घाई इथेच होते. पहारीने हलवता येईल पण दोघांना उचलायला जड जाईल एवढा दगड घ्या, त्याहून लहान असेल तो सायकलींच्या चाकांनी निघून येणारच. खड्डा असा खणा की दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत जाईल, रुंद बाजू खाली. नदीतल्या दगडासारखी गुळगुळीत बाजू वर ठेवू नका, पावसाळ्यात त्यावर शेवाळं धरलं की चाक साबणावरून गेल्यासारखं जातं, फुटलेली खरबरीत बाजू वर आली पाहिजे. मग भोवती नुसती माती लोटू नका, आधी लहान चिपा पहारीच्या मागच्या टोकाने ठोकून ठोकून भरा, त्यावर मुरूम, मग दगडावर उभं राहून उड्या मारा. जरा जरी डुगडुगला तरी काढायचा आणि परत बसवायचा, इथे दयामाया नाही.

आणि दोन दगडांमधली फट बघा. सगळ्यात वाईट जखमा मोठ्या दगडाने होत नाहीत, पुढचं चाक उतरून अडकेल अशा फटीने होतात. चाक जागच्या जागी थांबतं आणि रायडर हँडलवरून पुढे, तोंडावर. त्या फटीत लहान दगड ठासून भरा. तरीही वरचा भाग ओबडधोबड राहतो, सायकल उड्या मारते, लाइन बघावी लागते, ब्रेक कधी सोडायचा ते कळावं लागतं, म्हणजे अवघडपणा जिथे हवा तिथेच राहिला, चाक अडकायची भीती तेवढी गेली. शेवटच्या दगडानंतर दहा-पंधरा फूट सरळ मोकळी वाट ठेवा, लगेच वळण देऊ नका.

आता अवघडपणा लांबून दिसायला हवा असं का म्हणालो. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकची क्रॉस कंट्री शर्यत इझूला झाली, त्यात मॅथ्यू व्हान डर पूल पहिल्याच फेरीत मोठ्या दगडावरून उतरताना जोरात आपटला आणि पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. सरावात त्या ड्रॉपवर लाकडी रॅम्प होता, शर्यतीत तो नव्हता, आणि याला वाटलं तो तिथे असणारच. जगातल्या सर्वोत्तम रायडर्सपैकी एक, त्याच्या दृष्टीने तो ड्रॉप काहीच नव्हता, तरी असा पडला, कारण समोर जे होतं ते डोक्यात नव्हतं. मग रविवारी सकाळी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) घेऊन येणाऱ्या आयटीवाल्याचं काय होईल याचा विचार करा. म्हणून कुठलीही अवघड जागा वळणाच्या लगेच पलीकडे नको. आधी सरळ पट्टा, लांबून नजर पडेल असा, आणि थांबायची इच्छा झाली तर थांबता येईल एवढा वेग. वेग कमी करायला बोर्ड लावून उपयोग होत नाही, अवघड जागेच्या आधी वाट थोडी चढवा, सायकल आपोआप हळू होते आणि ब्रेक मारून मारून पडणारे खड्डेही पडत नाहीत.

याच कारणासाठी ट्रेलची पहिलीच जागा ही त्या ट्रेलवरच्या अवघड जागांच्या तोडीची ठेवा. काळा ट्रेल असेल तर सुरुवातीच्या वीस मीटरमध्येच पंधरा इंची दगड येऊ दे, शेजारी मागे फिरायला मोकळी जागा ठेवा. ज्याला तो जमत नाही त्याला तिथेच कळतं की आज हा ट्रेल आपला नाही. याच्या उलट, दोन किलोमीटर सोपी वाट आणि मग झाडाआडून अचानक तीन फुटी ड्रॉप, असा ट्रेल मी कुणालाही बांधू देणार नाही, मग बोर्डावर कितीही काळे हिरे काढा. आणि पूर्ण ट्रेलची पातळी एकसारखी ठेवा. सगळा निळा आणि मध्ये एकच काळी जागा, तर निळेवाले तिथे पडतात आणि काळेवाल्यांना बाकी ट्रेल कंटाळवाणा वाटतो.

जंपबद्दल तुमच्यातल्या तरुण मंडळींनी खास विचारलंय म्हणून. टेबलटॉप बांधा, गॅप (मध्ये मोकळा खड्डा असलेली जंप) नको. टेबलटॉपमध्ये मधला भाग भरलेला असतो, त्यामुळे नवशिक्या त्यावरून चाकं न उचलता जातो, शिकलेला थोडा उडतो आणि पोचलेला थेट पलीकडच्या उतारावर उतरतो, एकच वस्तू तिघांना तीन प्रकारे अवघड. इथल्या व्हिसलर बाइक पार्कमधली ए-लाइन जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध जंप ट्रेल्सपैकी एक, तिथेही बहुतेक जंप टेबलटॉपच आहेत, आणि लोक वर्षानुवर्षं तोच ट्रेल परत परत चालवतात कारण वेग वाढला की तो नव्याने अवघड होतो. गॅपमध्ये अशी सोय नाही, पोचलात तर पोचलात.

आता तुमच्यातल्या 'सोपा करा' वाल्यांसाठी. तुमची गरज खरी आहे, नवे लोक, मुलं, बायका येणार नसतील तर ट्रेल चार जणांची खासगी मालमत्ता होऊन जाईल. पण त्यासाठी बांधलेल्या अवघड जागेतले दगड उपटू नका. हे जगात सगळीकडे होतं, कुणालातरी एक दगड जमत नाही, तो गुपचूप काढून टाकतो, पुढच्याला त्यापुढचा जमत नाही, आणि दोन वर्षांनी ज्यांनी शिकून शिकून तिथपर्यंत मजल मारली त्यांच्यासाठी काही उरत नाही. तुम्ही बाजूने दुसरी लाइन द्या, सुरुवातीपासूनच द्या, तिला इथे बी-लाइन म्हणतात. फक्त एक पथ्य पाळा, बी-लाइन ही अवघड लाइनपेक्षा लांब आणि हळू असली पाहिजे. ती जवळची झाली की शर्यत लावणारे पण तिकडूनच जातात, अवघड लाइनवर गवत उगवतं आणि बाजूची रुंद होत होत रस्ता बनते. आणि कुठे तुम्ही न काढलेली आडवाट आपोआप पडलेली दिसली तर लोकांवर चिडू नका, ती जागा बघा. बहुतेक वेळा तिथे लाइन दिसत नसते, किंवा आधीच्या वळणातून वेग फार येतो, किंवा पाणी साचतं.

तुमच्या जमिनीवर मी काय करीन ते सांगतो. वर जायला एक वेगळी वाट, सरासरी पाच टक्क्यांच्या आत, तीन फूट रुंद, हिरव्या दर्जाची, हीच नवशिक्यांनी खाली यायलाही वापरावी. उतरायला एक मुख्य निळा ट्रेल, त्यावर चार-पाच ठिकाणी पर्यायी काळ्या लाइन्स, सगळ्या दिसतील अशा. आणि खालच्या टोकाला, जिथे गाडी पोचते तिथे, दोन-तीनशे मीटरचा वेगळा, पूर्ण काळा तुकडा. अवघड तुकडा गाडीजवळ ठेवायचं कारण उघड आहे, कुणाचा कॉलरबोन गेला तर त्याला डोंगराच्या टोकावरून खांद्यावर आणायला लागू नये.

आणखी एक, खासगी जमीन असली तरी तिथून गावातल्या लोकांची, गुरांची वाट जात असेलच. अशी वाट ट्रेलला कुठे कापते ते गुराख्याला बरोबर घेऊन फिरून बघा, आणि प्रत्येक अशा जागी ट्रेल दोन्ही बाजूंनी चढवून आणा म्हणजे सायकल तिथे चालण्याच्या वेगावर येईल. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या आजीला पटकन बाजूला होता येत नाही. इथे टेक्निकल अवघडपणा शून्य ठेवायचा, रायडरची नजर चाकाखालच्या दगडावर नको, समोरच्या माणसावर पाहिजे.

एका दमात सगळं बांधू नका. यंदा दिवाळीनंतर चढाची वाट आणि निळ्याचा फक्त कच्चा मार्ग काढा, दगडकाम अजिबात नको. मे अखेरपर्यंत चालवा, वेगवेगळ्या लोकांना चालवू द्या आणि उतारावर ब्रेकचे खड्डे कुठे पडतात त्याच्या खुणा करा, तिथे आखणी चुकली आहे. पावसाळ्यात ट्रेल पूर्ण बंद, ओल्या मुरमावर चाकं घातली की चर पडतातच, पण ट्रेल बंद असला तरी जोराच्या पावसात छत्री घेऊन एकदा तरी वर जाऊन पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे वाटेतून धावतं ते व्हिडिओ काढून ठेवा. काळ्या लाइन्स त्यानंतरच्या हिवाळ्यात, जिथे पहिली वाट पावसात जशीच्या तशी राहिली तिथेच.

तोपर्यंत मला जमिनीचा कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) टाकलेला नकाशा पाठवा, पाच मीटरच्या रेषा असल्या तर उत्तम. त्यावर ओढे, विहीर, गुरांच्या वाटा आणि गाडी जिथपर्यंत जाते ती जागा हाताने काढलेली असली तरी चालेल.